पहिलं बाळंतपण, रक्तगट बी निगेटिव्ह: नाव कुठे घालावं?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. पहिलंच बाळंतपण आहे, बाविसावा आठवडा चालू आहे. वय ३१. माझा रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. थायरॉईडची ५० ची गोळी चालू आहे, बाकी तक्रार नाही. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी व्यवस्थित आली. राहायला पुण्यात, वाकडला.

पर्याय तीन आहेत.

१. घरापासून दीड किलोमीटरवरचं नर्सिंग होम. १२ खाटा, डॉक्टर एकट्याच. वेळ देतात, नीट समजावतात. सध्या तपासण्या त्यांच्याकडेच चालू आहेत.

२. नऊ किलोमीटरवरचं मोठं खासगी हॉस्पिटल. नॉर्मलचं पॅकेज पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन तास थांबलं की पाच मिनिटं भेट.

३. माहेर. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, तिथून सोलापूर शहर दीड तास. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं असा आईचा आग्रह, आणि तिथले डॉक्टर घरोब्याचे.

नवऱ्याच्या कंपनीचा ग्रुप विमा आहे. बाळंतपणाला ७५,००० ची मर्यादा, खोलीभाड्याला दिवसाला ५,००० ची.

सगळे म्हणतात 'डॉक्टर चांगले बघ'. पण चांगले म्हणजे काय, आणि ते कसं ओळखायचं, हे कुणी सांगत नाही. अनुभव पोतंभर ऐकून झालेत, ते आता नकोत. नेमकं काय तपासायचं आणि काय विचारायचं तेवढं सांगा.

---

रात्रपाळी

डॉक्टर नंतर बघा, आधी इमारत बघा. आणि तीही रात्रीची.

तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा: रात्री तीन वाजता बाळाचे ठोके कमी झाले, तर सिझर सुरू व्हायला किती मिनिटं लागतील, आणि कोण कोण घरून यावं लागेल? निर्णय झाल्यापासून तीस मिनिटांत बाळ बाहेर, हा तातडीच्या सिझरचा सगळीकडे मानला जाणारा हिशोब आहे. त्याला किमान चार माणसं लागतात: स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि थिएटरची सिस्टर. बारा खाटांच्या ठिकाणी रात्री यातलं बहुधा कुणीच इमारतीत नसतं. डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहत असतील तर एक माणूस असतो, आणि तो फरक लहान नाही. रात्री ड्यूटीला असलेले आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. ते तुमच्याकडे लक्ष ठेवतील, डॉक्टरांना फोन करतील, सलाईन लावतील. सिझर करू शकणार नाहीत.

उत्तर 'सगळे ऑन कॉल असतात' असं आलं तर तिथेच थांबू नका. भूलतज्ज्ञ किती आहेत? ते राहतात कुठे? एक दुसऱ्या हॉस्पिटलात केस करत असेल तर दुसरा कोण? दोन-तीन नावं पटकन सांगता आली तर व्यवस्था आहे. 'बघू, येतं कुणीतरी' म्हणजे व्यवस्था नाही.

मग लेबर रूम दाखवा म्हणा. आत कुणी बाळंत होत असेल तर नाही दाखवणार, ते रास्तच आहे. दुसऱ्या वेळी जा. आत गेल्यावर हे बघा:

लेबर रूम आणि थिएटर एकाच मजल्यावर आहे का. नसेल तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, आणि वीज गेली तर ती लिफ्ट जनरेटरवर चालते का. राहत्या बिल्डिंगच्या खालच्या दोन मजल्यांत थाटलेल्या हॉस्पिटलांत गाडं इथेच अडतं. लिफ्ट चार माणसांची, आणि पेशंट खुर्चीत बसवून न्यायचा.

बाळाला ऊब देणारा वॉर्मर प्लगला लावलेला आहे की कोपऱ्यात कपड्यांखाली आहे. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास मिळायला लागतो. त्यासाठी वॉर्मर चालू, तोंड-नाक साफ करायचं सक्शन जोडलेलं आणि बाळाच्या मापाची ॲम्बू बॅग, म्हणजे दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी लागते. व्हेंटिलेटर ही फार पुढची गोष्ट. पहिल्या मिनिटात लागते ती बॅग आणि ती दाबता येणारी सिस्टर.

फ्रिज. हसू नका. बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिनची १० युनिट दंडात किंवा मांडीत देतात. ते इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. पुण्याच्या मेमध्ये ते औषधाच्या ट्रेमध्ये आठवडाभर पडून राहिलं तर नावालाच उरतं. लेबर रूमच्या फ्रिजला आत थर्मामीटर आणि दारावर तापमानाचा तक्ता लावलेला असेल, तर बाकीही बऱ्याच गोष्टी जागेवर असतील असं समजायला हरकत नाही.

आणि एक सिस्टर एका वेळी कळा देणाऱ्या किती बायका सांभाळते ते विचारा. कळा जोरात सुरू झाल्यावर ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि बाळ ढकलायच्या वेळी दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. एका सिस्टरकडे चार जणी असतील तर ते कागदावरच होतं.

---

ओटीभरण

रात्रपाळींच्या मुद्द्यांत भर घालतो. तुमच्या बाबतीत निर्णय फिरवणारी गोष्ट आहे रक्त.

दिवस भरत आले की गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर गर्भपिशवी आवळली नाही तर तो नळ उघडाच राहतो. बाळंतपणानंतर ५०० मिलीच्या वर रक्त गेलं की जास्तीचा स्राव धरतात. बहुतेक वेळा मसाज, ऑक्सिटोसिन, मग कार्बोप्रोस्ट हे गर्भपिशवी आवळणारं इंजेक्शन (दमा असेल तर हे चालत नाही, फाईलवर तसं लिहिलेलं हवं), तीन तासांच्या आत रक्त थांबवणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, आणि तरीही थांबलं नाही तर गर्भपिशवीत फुगा, यांवर आटोपतं. नाही आटोपलं तर रक्त लागतं, आणि ते लगेच लागतं.

आता तुमचा गट. आपल्याकडे शंभरात पाचेक माणसं आरएच निगेटिव्ह. तुम्हाला बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह, दोनच चालतात. बी पॉझिटिव्हच्या बाईसाठी कुठलीही रक्तपेढी दोन पिशव्या काढून देते. बी निगेटिव्हची पिशवी त्या दिवशी त्या पेढीत असेलच असं नाही. शिवाय क्रॉसमॅच करायला, म्हणजे पिशवीतलं रक्त तुमच्या रक्ताशी जुळवून बघायला, पाऊण ते एक तास लागतो, आणण्याचा वेळ वेगळा. म्हणून विचारायचं ते असं:

रक्तपेढी इमारतीत आहे, की फक्त रक्त साठवण केंद्र, की दोन्ही नाही? यांत फरक आहे. पेढीत रक्त गोळा होतं, तपासलं जातं. साठवण केंद्र म्हणजे परवान्याचा फ्रिज, त्यात पेढीकडून आणलेल्या पिशव्या. त्यात निगेटिव्ह पिशवी असते का, ते स्वतंत्र विचारा.

३६ व्या आठवड्यात पेढीला आगाऊ कळवून तुमच्या गटाचे दोन रक्तदाते सांगून ठेवता येतात का? नात्यातले, ऑफिसातले निगेटिव्ह गटाचे लोक आत्ताच शोधा. केंद्र सरकारच्या ई-रक्तकोष संकेतस्थळावर जिल्हावार साठा दिसतो. तो अंदाजासाठी बघा, त्यावर विसंबू नका. फोन करून खात्री करावीच लागते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हिमोग्लोबिन. १२ असलेली बाई जे सहन करते ते ८ असलेली करत नाही. २८ आणि ३६ व्या आठवड्यात बघा. गोळ्यांनी चढत नसेल तर शिरेतून लोह द्यायला वेळ हाताशी हवा.

अँटी-डी बद्दल थोडक्यात. बाळाचं पॉझिटिव्ह रक्त तुमच्या रक्तात मिसळून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून हे इंजेक्शन असतं. आधी आयसीटी, म्हणजे तशी प्रतिपिंडं तुमच्या रक्तात आहेत का ते बघणारी तपासणी. ती निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. मधेच अंगावरून गेलं, पोटावर पडलात, तर वेगळा डोस लागू शकतो, लगेच दाखवा. आणि हे लोक विसरतात: २८ व्या आठवड्याच्या इंजेक्शननंतर आयसीटी केली तर ती हलकी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण इंजेक्शनातलीच प्रतिपिंडं तपासणीत दिसतात. माहेरी जाऊन नव्या लॅबमध्ये ती केली आणि इंजेक्शनची तारीख फाईलमध्ये नसली की घरात रडारड सुरू होते. तारीख, डोस आणि बॅच नंबरचं स्टिकर फाईलमध्ये चिकटवा.

पहिल्या बाळाला या गटाचा त्रास सहसा होत नाही. इंजेक्शन पुढच्यासाठी असतं. त्यामुळे निव्वळ निगेटिव्ह गट आहे म्हणून सिझर, असं कुणी म्हणालं तर ते डॉक्टर बदला.

---

भुलेश्वर

कळांचं दुखणं कमी करणाऱ्या इंजेक्शनबद्दल, म्हणजे एपिड्युरलबद्दल. 'आमच्याकडे पेनलेस डिलिव्हरी होते' हे जाहिरातीत सगळीकडे असतं. विचारायचं असं: गेल्या महिन्यात रात्री दहानंतर किती जणींना दिलं? आकडा शून्य किंवा मौन असेल तर तुमचं बाळ दिवसा यायला हवं.

एपिड्युरल म्हणजे एक इंजेक्शन देऊन निघून जाण्याचं काम नाही. पाठीत बारीक नळी राहते, डोस चालू ठेवावा लागतो, सुरुवातीला दर पाच मिनिटांनी रक्तदाब बघावा लागतो. भूलतज्ज्ञ इमारतीत नसेल तर न घेतलेलं बरं. त्याने सिझरचं प्रमाण वाढत नाही, हे पुरेसं सिद्ध झालेलं आहे. शेवटचा ढकलायचा टप्पा मात्र लांबतो. एक फायदा सहसा कुणी सांगत नाही: नळी आधीच घातलेली असेल आणि सिझर करायची वेळ आली, तर त्याच नळीतून भूल वाढवता येते, पुन्हा पाठीत टोचावं लागत नाही.

प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर आधी सांगा. आणि कळा सुरू झाल्यावर घरून निघताना कुणी प्रेमाने ताटभर जेवायला वाढलं तर नको म्हणा. पाणी, सरबत चालेल.

---

वरवंटा

मोठ्या हॉस्पिटलाचं एवढं कौतुक नको. तिथे माणसं रात्री असतात हे खरं, पण तुम्ही ज्यांच्याकडे नऊ महिने गेलात त्या असतीलच असं नाही. पॅकेजच्या कागदावर नाव मोठ्या डॉक्टरांचं, लेबर रूममध्ये ड्यूटीवरचे रजिस्ट्रार, म्हणजे त्यांच्या हाताखालचे डॉक्टर. त्यात वाईट काही नाही, बरेचदा त्यांचे हात जास्त तयार असतात. मात्र ते आधी माहीत हवं. तीन-चार डॉक्टरांचा गट आळीपाळीने ड्यूटी करत असेल तर सगळ्यांना एकेकदा भेटून घ्या.

आता सिझरचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशभरात सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझर होती आणि खासगीत ४७.४ टक्के. हा आकडा सगळे तोंडावर फेकतात, पण एकेका हॉस्पिटलाला तो लावून काही कळत नाही. ज्या ठिकाणी जुळी, आडवी, आधीच्या सिझरची, झटके आलेली अशी सगळी केस पाठवली जाते, तिथलं प्रमाण जास्त असणारच. म्हणून एकूण टक्केवारी विचारू नका. असं विचारा: पहिलटकरीण, पूर्ण दिवस, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा शंभर जणींत सिझर कितींचं होतं? बाळंतिणींचे गट पाडून सिझरचं प्रमाण मोजायची जी रॉब्सन वर्गीकरणाची पद्धत आहे, तिच्यातला हा पहिला गट. ज्यांना आपल्या कामाची नोंद ठेवायची सवय आहे त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. दहा-पंधरा ऐकलं तर छान, चाळीस ऐकलं तर उठा.

दोन सवयी सिझरकडे नेतात, त्यांची चौकशी आधीच करा. एक म्हणजे लवकर भरती. गर्भपिशवीचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं, कळा अजून विस्कळीत, आणि बाईला कॉटवर झोपवून ठेवलं की बारा तासांनी 'पुढे सरकत नाही' होतं. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून पाच सेंटिमीटरनंतरच्या कळांना जोमाच्या कळा मानते. पहिलटकरणीला त्याआधी बरेच तास लागणं हे नेहमीचंच. पाणी गेलेलं नाही, रक्त नाही, बाळ हलतंय आणि घर जवळ आहे, तर तपासून घरी पाठवतात का, ते विचारा. दुसरी सवय म्हणजे तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी औषधाने कळा आणायची घाई. सगळं ठीक असेल तर एक्केचाळीस आठवड्यांपर्यंत लक्ष ठेवून थांबता येतं. त्यासाठी तारीख खरी हवी, म्हणजे ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीवरून काढलेली. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकते. तिच्यावरून कॅलेंडर बदलू देऊ नका.

सोबतीला कोण राहू शकतं तेही विचारून ठेवा. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ पासून सरकारी दवाखान्यांतसुद्धा लेबर रूममध्ये एक बाई सोबत ठेवायला सांगितलंय. महागड्या खासगीत 'आत कुणी नाही' हा नियम असेल तर कारण विचारा.

---

जमाखर्च

पैशांचं कुणीच बोललं नाही म्हणून.

पॅकेजचा कागद छापील मागा आणि त्यात नसलेल्या गोष्टींवर बोट ठेवा. सहसा बाहेर राहतात: बाळाच्या डॉक्टरांची फी, बाळाच्या तपासण्या, एपिड्युरल, रक्त, अँटी-डी, औषधं ठरावीक रकमेच्या वरची, आणि काचेच्या पेटीचा खर्च. नॉर्मलसाठी प्रयत्न करून शेवटी सिझर झालं तर बिल कोणत्या दराने, दोन्ही मिळून तर नाही ना, तेही. राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, तेव्हा मागताना ओशाळू नका.

तुमचा सापळा खोलीभाड्यात आहे. मर्यादा ५,००० ची आणि घेतली ८,००० ची खोली, तर वरचे तीन हजारच भरायचे असं वाटतं. तसं नाही. डॉक्टरांची फी, थिएटर, भूल यांची रक्कमही त्याच प्रमाणात कापली जाते. समजा हे तिन्ही मिळून ६०,००० झाले. विमा ५/८ देणार, म्हणजे ३७,५००. उरलेले २२,५०० तुमचे, खोलीचा फरक वेगळा. औषधं, साहित्य आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. तेव्हा मर्यादेत बसणारी खोली घ्या. ग्लोव्हज, डायपर, पॅड यांसारख्या वस्तूंचे पैसे तसेही मिळत नाहीत.

एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको: बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का? बाळ पेटीत राहिलं तर तो खर्च ७५,००० तून जाणार की कुटुंबाच्या मुख्य रकमेतून? बाळाचं नाव पॉलिसीत किती दिवसांत घालायचं? या तीन उत्तरांवर लाखाचा फरक पडतो. कॅशलेससाठी पूर्वमंजुरीचा फॉर्म ३६ व्या आठवड्यातच भरून हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या खिडकीवर द्या. २०२४ पासून डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत देण्याचा नियम आहे, मात्र हॉस्पिटलाने अंतिम बिल पाठवल्यावर घड्याळ सुरू होतं, हे लक्षात असू द्या. डिपॉझिट किती आणि परत कधी, ते पावतीवर लिहून घ्या.

---

उपकेंद्र

चौथा पर्याय कुणी मांडला नाही: सरकारी किंवा महापालिकेचं मोठं रुग्णालय. ससूनसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात निवासी डॉक्टर, भूल, रक्त, बाळाचा विभाग, सगळं रात्रीही एकाच आवारात असतं. गर्दी असते, खाट शेजारी-शेजारी असते, बोलणं तुटक असतं. पण कठीण केस शेवटी तिथेच पोचते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत, जेवण नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस. त्याला उत्पन्नाची अट नाही. खासगीत नाव घातलं असेल तरी तुमच्या भागातल्या आरोग्यसेविकेकडे नोंद करा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. पुढे लसीकरणाला ते कुठेही चालतं.

माहेरचं. घरोब्याचे डॉक्टर म्हणजे निम्मी भीती गेली, हे मान्य. पण तुमच्या गटाचं रक्त दीड तासावर असेल तर जायला दीड, क्रॉसमॅचला एक, यायला दीड. चार तास. तालुक्याला पेढी असेल तर चित्र वेगळं. आईंना नाही, वडिलांना किंवा भावाला पेढीवर पाठवून विचारायला सांगा. जायचंच ठरलं तर बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून या, चौतिसाव्याला कायमचं जा. शेवटच्या पंधरवड्यात उसाच्या ट्रॉल्यांमागून प्रवास नको. तिथून सोलापूरला पाठवायची वेळ आली तर कुठल्या रुग्णालयात, हे आधी ठरवा आणि १०८ शिवाय एक खासगी गाडीही बोलून ठेवा. चौतीस आठवड्यांच्या आत कळा आल्या तर माहेर विसरा. बाळाचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी आईच्या पोटातूनच न्यायचं. जन्मलेलं अपुऱ्या दिवसांचं बाळ गाडीतून हलवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आईंसाठी मधला मार्ग: बाळंतपण पुण्यात, सव्वा महिना माहेरी. जन्माच्या वेळची बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांतली हिपॅटायटिस बी इथेच होईल, दीड महिन्याची लस तिकडच्या उपकेंद्रात. जन्माची नोंद मात्र जिथे जन्म तिथेच होते, एकवीस दिवसांच्या आत. हॉस्पिटल ती पाठवतं. फॉर्मवर तुमचं नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय का, ते डिस्चार्जच्या आधी डोळ्यांनी बघा. बाळाचं नाव नंतर घालता येतं, वर्षभरात घातलं तर शुल्क नाही.

थायरॉईडचं जाता जाता: टीएसएच ही रक्ततपासणी तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा करा, आणि बाळाची थायरॉईडची तपासणी तिसऱ्या दिवसाच्या आसपास होते की नाही ते विचारा. साखरेची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी तुमची आता दोन आठवड्यांत येईलच.

---

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी घेऊन तिन्हीकडे विचारलं.

नर्सिंग होम: डॉक्टर वरच राहतात. भूलतज्ज्ञ दोन, नावं लगेच सांगितली, पंधरा-वीस मिनिटं. बाळाचे डॉक्टर प्रत्येक जन्माला हजर. पेढी सहा किलोमीटर, साठवण केंद्र नाही. बाळाची पेटी लागली तर चार किलोमीटरवर पाठवतात. पहिल्या गटाचं सिझर 'शंभरात पंधरा-सोळा', वही काढून सांगितलं.

मोठं हॉस्पिटल: सगळं इमारतीत, रक्तपेढीसुद्धा. पहिल्या गटाचा आकडा मिळाला नाही. पाच हजारांत बसणारी खोली दोघींत एक आहे.

माहेर: बी निगेटिव्ह सोलापूरहूनच. आईला पटलंय, सव्वा महिन्यावर तडजोड झाली.

आता अडकलेय ती पहिल्या दोनांत. मन पहिल्याकडे ओढतंय.

---

ओटीभरण

वही काढून आकडा सांगणाऱ्या बाई सोडू नका. त्यांचं त्या मोठ्या किंवा पेढी असलेल्या दुसऱ्या हॉस्पिटलात अटॅचमेंट, म्हणजे तिथे जाऊन आपल्या पेशंटचं बाळंतपण करायची सोय, आहे का, ते विचारा. बऱ्याच नर्सिंग होमच्या डॉक्टरांचं असतं. तपासण्या त्यांच्याकडे, बाळंतपण तिकडे त्यांच्याच हातून, असं जमतं. मात्र रात्री त्या नऊ किलोमीटर येईपर्यंत तिथले ड्यूटी डॉक्टर केस हातात घेतील का, हे दोन्हीकडून स्पष्ट करून घ्या. बिलात दोन फी लागतात का, तेही.

अटॅचमेंट नसेल तर ३६ व्या आठवड्याला ठरवा, आज नको. तोवर हिमोग्लोबिन ११ च्या वर, वार वरच्या बाजूला, रक्तदाब नीट, बाळाचं डोकं खाली, आणि सहा किलोमीटरवरच्या पेढीने तुमच्या दोन पिशव्या क्रॉसमॅच करून राखून ठेवायचं लेखी मान्य केलं, तर नर्सिंग होम चालेल. यातलं एकही बिघडलं तर मोठं हॉस्पिटल. दोन्हीकडे नाव घालून ठेवायला कुणाची हरकत नसते. दुसऱ्या ठिकाणी ३२ च्या सुमारास एकदा दाखवून केसपेपर तेवढा करून घ्या.

---

रात्रपाळी

भरतीच्या दिवशीचं सांगते. दारातून आत आल्यावर कळा किती मिनिटांनी ते नंतर, आधी 'मी बी निगेटिव्ह' हे सांगा. सलाईनसाठी सुई लावतानाच गट आणि क्रॉसमॅचचा नमुना काढून पेढीकडे पाठवायला लावा, वेगळं टोचावं लागत नाही. सोबतच्या माणसाकडे पेढीचा नंबर आणि दात्यांचे नंबर कागदावर असू द्या, मोबाईलची बॅटरी रात्री नेमकी तेव्हाच संपते.

बाळाचा गट नाळेच्या रक्तातून बघतात. नाळ कापल्यावर लगेच जांभळ्या बुचाच्या बाटलीत तो नमुना घ्यायचा असतो, गट आणि डीसीटीसाठी (आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तपेशींना चिकटलीत का, ते बघणारी तपासणी). राहिला तर मग बाळाला टोचून काढावं लागतं, आणि अँटी-डीचे ७२ तास तिकडे मोजले जात असतात. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष बाळ रडलं की नाही याकडे असतं, म्हणून हा नमुना राहून जातो. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने ठळक लिहून ठेवा: आई बी निगेटिव्ह, नाळेचं रक्त घ्या.